आकडा नेमका कुणाचा?

एखादा सर्व्हर किती भार पेलतो हे बघायचं तर त्याच्यावर खोटी गर्दी सोडावी लागते. या गर्दीत माणूस एकही नसतो. दुसऱ्या एका मशीनवरचा प्रोग्रॅम हजारो कनेक्शनं उघडतो, रिक्वेस्ट पाठवतो, उत्तर यायला किती वेळ लागला ते टिपून ठेवतो आणि शेवटी एक आकडा छापतो: सेकंदाला इतक्या लाख रिक्वेस्ट, इतके गिगाबिट, इतकी लेटन्सी. रिपोर्टात हा आकडा सर्व्हरच्या नावावर जमा होतो. पण भार टाकणारं मशीनही शेवटी मशीनच. त्याला प्रोसेसर आहे, प्रोसेसरला कोअर आहेत, आणि खोटे क्लायंट त्या कोअरांवर कसे वाटले यावर ठरतं की छापलेला आकडा सर्व्हरचा आहे की भार टाकणाऱ्याचा. पुढच्या पानांचा विषय इतकाच. एवढ्याशा गोष्टीवर अख्खं पुस्तक कशाला, असं ज्यांना वाटत असेल त्यांच्यासाठी ही प्रस्तावना जरा लांबली आहे.

सगळ्यांत साधी फसगत आधी बघू. सोळा कोअरचं मशीन भार टाकतंय आणि आकडा एका जागी अडलाय. टेस्टर त्या मशीनवर ‘टॉप’ उघडतो. वरच्या ओळीत प्रोसेसर जवळजवळ ९४ टक्के रिकामा दिसतो. ‘आपलं मशीन तर निवांत आहे, म्हणजे सर्व्हरच दमला,’ असं म्हणून तो रिपोर्ट लिहायला घेतो. त्यानं तिथेच १ हा अंक दाबला असता तर एका ओळीच्या सोळा ओळी झाल्या असत्या: पंधरा कोअर शून्याच्या आसपास आणि एक १०० टक्क्यांवर. सोळांत एक म्हणजे सव्वासहा टक्के. सरासरीत तो कुठल्या कुठे विरून जातो. याच्या पुढची पायरी म्हणजे ‘एमपीस्टॅट’कडे एकेका कोअरचा सेकंदासेकंदाचा हिशेब मागायचा आणि त्यातला ‘सॉफ्ट’ हा रकाना बघायचा. पुष्कळदा प्रोग्रॅमनं आपलं काम आठ थ्रेडांत व्यवस्थित वाटलेलं असतं, तरी एकच कोअर तापतो, कारण नेटवर्क कार्डावर आलेली सगळी पॅकेटं कर्नल त्या एकाच कोअरवर उपसत बसलेला असतो. अशा वेळी थ्रेड वाढवून काडीचा फरक पडत नाही. माझं मत विचाराल तर, भार टाकणाऱ्या मशीनच्या सर्वांत व्यग्र कोअरचा आकडा ज्या रिपोर्टात नाही, तो रिपोर्ट वाचायला घेऊच नये.

ही भानगड जुन्या मंडळींच्या वाट्याला फारशी आली नाही. १९९८ साली एचपीच्या प्रयोगशाळेत डेव्हिड मॉसबर्गर आणि ताई जिन यांनी ‘एचटीटीपर्फ’ लिहिलं तेव्हा एका प्रोसेसनं सगळा भार टाकणं हे स्वाभाविकच होतं. १९९९ मध्ये डॅन केगेल यांनी एका सर्व्हरनं एकाच वेळी दहा हजार क्लायंट का सांभाळू नयेत, हा प्रश्न मांडला. त्यांच्या लेखाच्या नंतरच्या आवृत्तीत डोळ्यांसमोर ठेवलेलं मशीन १००० मेगाहर्ट्झचं आणि त्यातलं कार्ड १००० मेगाबिटचं होतं. १९९९ मध्येच नेटवर्क उपकरणं कशी मोजावीत हे सांगणारा आरएफसी २५४४ आला. त्याबरहुकूम मोजणी करणारी यंत्रं बहुतेक खास हार्डवेअरची असत, आणि त्यांना कोअरांच्या वाटणीची फिकीर नव्हती. पुढे २००५ च्या सुमारास प्रोसेसरच्या घड्याळाचा वेग वाढायचा थांबला. कार्डांचा मात्र थांबला नाही.

त्याचा परिणाम आकड्यांत बघितलेला बरा. १० गिगाबिटच्या तारेवर ६४ बाइटच्या सर्वांत लहान फ्रेम ठासून भरल्या तर सेकंदाला १ कोटी ४८ लाख ८० हजार पॅकेटं जातात. म्हणजे एका पॅकेटाच्या वाट्याला ६७.२ नॅनोसेकंद. तेवढ्या अवधीत ३ गिगाहर्ट्झच्या कोअरला जेमतेम दोनशे सायकल मिळतात, आणि कॅशेत नसलेली एखादी गोष्ट मेमरीतून आणायची म्हटली तर तो सगळा वेळ त्यातच जाऊ शकतो. १०० गिगाबिटला हा अवधी ६.७ नॅनोसेकंदांवर येतो, सायकल वीस. आता हेही खरं की १० गिगाबिटची तार एकटा कोअर भरू शकतो. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठात पॉल एमरिख आणि सहकाऱ्यांनी ‘मूनजेन’ या जनरेटरनं २०१५ मध्ये ते करून दाखवलं. पण तिथे पॅकेट नुसतं पॅकेट असतं, आधीच साच्यातून काढून ठेवलेलं. क्लायंट म्हटला की त्याला आठवण ठेवावी लागते: कुठवर डेटा पोचला, पोच आली का, टायमर कधी वाजणार, हरवलेलं पुन्हा पाठवायचं का. ही आठवण सांभाळताना एका कोअरचा जीव लवकर संपतो.

हत्यारांनी हे ओळखायला बराच वेळ घेतला. ‘आयपर्फ३’ हे नेटवर्कवाल्यांचं रोजच्या वापरातलं हत्यार. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या ईएसनेटमध्ये ते सांभाळलं जातं. त्याला समांतर आठ प्रवाह मागता येतात, आणि मागणाऱ्याला वाटतं की आठ कोअर कामाला लागले. प्रत्यक्षात ३.१५ आवृत्तीपर्यंत आठही प्रवाह एकाच थ्रेडमध्ये फिरत होते. हे कुणी लपवलं नव्हतं. जास्त वेग हवा असेल तर अनेक प्रोसेस वेगवेगळ्या पोर्टांवर चालवा, असं सांगितलेलं होतं. पण हत्यार हाताला लागलं की माहितीपत्रक कोण वाचतो! २०२३ च्या अखेरीस ३.१६ आवृत्ती आली आणि प्रत्येक प्रवाहाला स्वतःचा थ्रेड मिळाला. गंमत म्हणजे त्याच नावाचं जुनं भावंड, ‘आयपर्फ २’, आधीपासूनच अनेक थ्रेडांवर चालत होतं. तेव्हा आकड्याशेजारी हत्याराचं नाव लिहून भागत नाही, आवृत्तीही लिहावी लागते.

वेब सर्व्हरवाल्यांचं आवडतं ‘डब्ल्यूआरके’ जन्मापासून अनेक थ्रेडांचं आहे. प्रत्येक थ्रेडला स्वतःचा इव्हेंट लूप, स्वतःची कनेक्शनं, एकमेकांत देवाणघेवाण जवळपास नाही. रचना उत्तम. तरी तिच्या आत डोकावलं तर वाटणीचा एक किस्सा सापडतो. त्याच्या माहितीपत्रकातलं उदाहरण १२ थ्रेड आणि ४०० कनेक्शनांचं आहे. प्रोग्रॅम ४०० ला १२ नं पूर्णांकात भागतो, थ्रेडमागे ३३ येतात, आणि उघडतात ३९६. उरलेली चार कनेक्शनं कुणाच्याच वाट्याला जात नाहीत. छापलेल्या निकालात मात्र ४०० च दिसतं. चारनं आभाळ कोसळत नाही, हे मान्य. पण ६४ थ्रेड आणि १०० कनेक्शनं मागितली तर थ्रेडमागे एक येतं, आणि शंभराचा भार म्हणून आपण चौसष्टचा भार मोजून मोकळे होतो.

मग वाटायचं काय? माझ्या मते क्लायंटच वाटावेत, आणि एकदा वाटले की टेस्ट संपेपर्यंत हलवू नयेत. पंगतीत प्रत्येक वाढप्याला आपापली ओळ आणि आपापलं भांडं दिलं की कुणी कुणाच्या पायात येत नाही. सगळे एकाच पातेल्यात पळी घालू लागले की वाढपी दुप्पट करूनही पंगत उरकत नाही. कोअरांचं नेमकं तसंच आहे. कनेक्शनांची एकच यादी, एकच कुलूप, एकच काउंटर असेल तर कोअर काम करण्यापेक्षा पाळीची वाट बघण्यातच वेळ घालवतात. सिस्कोच्या ‘टी-रेक्स’ या मुक्त-स्रोत जनरेटरनं हीच वाट धरली. तो डीपीडीकेच्या आधारानं कर्नलला वगळून थेट कार्डाशी बोलतो, आणि क्लायंटांच्या पत्त्यांचा साठा थ्रेडांमध्ये तुकडे करून वाटतो. त्याच्या नमुना फायलींत हा साठा १६.०.०.१ ते १६.०.०.२५५ असा असतो. प्रत्येक कोअरला त्यातला आपला पट्टा मिळतो आणि त्या पट्ट्याबाहेर तो बघत नाही. म्हणून पत्ते निदान थ्रेडांइतके तरी हवेत, असा त्याचा नियम आहे. क्लायंट तीन आणि कोअर आठ असतील तर पाच कोअरांनी करायचं काय?

इथवर सगळं आपल्या हातात आहे. खरी अडचण परतीच्या वाटेवर आहे, आणि या पुस्तकाचा सर्वांत मोठा भागही तिथेच खर्ची पडला आहे. जाणारं पॅकेट कोणत्या कोअरवरून निघेल हे आपण ठरवतो, येणारं कुठे उतरेल हे कार्ड ठरवतं. ‘रिसीव्ह साइड स्केलिंग’ नावाची सोय आज जवळपास प्रत्येक सर्व्हर कार्डात असते. आलेल्या पॅकेटातले दोन्ही पत्ते आणि दोन्ही पोर्ट घेऊन, एका गुप्त किल्लीच्या मदतीनं कार्ड त्यांचा टोप्लिट्झ हॅश काढतं, हॅशचे शेवटचे काही बिट घेऊन एका तक्त्यात बघतं (हा तक्ता पुष्कळ कार्डांत १२८ घरांचा असतो), आणि त्या घरात लिहिलेल्या क्यूमध्ये पॅकेट टाकतं. कोअर ३ नं पाठवलेल्या रिक्वेस्टचं उत्तर कोअर ६ च्या क्यूत पडलं तर त्या क्लायंटची सगळी आठवण एका कॅशेतून दुसऱ्या कॅशेत ओढावी लागते. एकदा नव्हे, प्रत्येक पॅकेटाला.

शिवाय हॅश म्हणजे समान वाटप, ही समजूतही काढून टाकायला हवी. आठ क्यू आणि आठच कनेक्शनं असतील तर प्रत्येकाला नेमकं एक मिळण्याची शक्यता ४१६ मध्ये एक इतकी कमी आहे. सरासरीनं पावणेतीन क्यू रिकाम्या राहतात आणि कुठल्या तरी एकीवर दोन-तीन कनेक्शनांचा बोजा येतो. हजारो कनेक्शनं असतील तर हे बरंचसं निवळतं, पण थोड्या आणि जाड प्रवाहांच्या चाचणीत ते निकालच बदलून टाकतं. सकाळी चालवलेली टेस्ट दुपारी वेगळा आकडा देते, कारण दरम्यान क्लायंटचे पोर्ट बदललेले असतात. टीम दोन दिवस ‘काय बदललं’ हे शोधत बसते. बदललेला असतो फक्त हॅश.

उत्तर दुसऱ्याच कोअरच्या क्यूत पडण्यावरचा एक उपाय मला फार आवडतो. सिलाडीबी या डेटाबेसच्या पायाशी असलेल्या ‘सीस्टार’ या चौकटीच्या स्वतःच्या नेटवर्क स्टॅकमध्ये तो बघायला मिळतो. कनेक्शन उघडण्याआधी कोअर एक पोर्ट निवडतो, उत्तर आलं तर कार्ड कोणता हॅश काढेल हे स्वतःच काढून बघतो, आणि ते उत्तर आपल्याच क्यूत पडणार नसेल तर तो पोर्ट सोडून दुसरा घेतो. आठ कोअर असतील तर सरासरी आठ प्रयत्नांत जमतं. कनेक्शन उघडताना एकदा काय तो त्रास, नंतर आयुष्यभर ते कनेक्शन आपल्या घरचंच. जिथे दोन्ही दिशांची पॅकेटं एकाच कोअरवर हवी असतात तिथे दुसरी युक्ती चालते: हॅशची किल्लीच अशी घ्यायची की पत्ते आणि पोर्ट उलटसुलट केले तरी उत्तर तेच यावं. कोरियातल्या काइस्टमध्ये वू आणि पार्क यांनी २०१२ मध्ये ती किल्ली कशी बनवायची ते दाखवलं.

२००७ चा आरएफसी ४८१४ या संदर्भात मुळातून वाचण्यासारखा आहे. त्याचा रोख चाचणीखालच्या उपकरणावर आहे: टेस्टर सोयीसाठी ठरावीक, ओळीनं येणारे पत्ते वापरतात, उपकरणातला हॅश त्यांची एकाच बाजूला गर्दी करतो आणि निकाल वास्तवापासून दूर जातो, म्हणून पत्ते आणि पोर्ट विस्कळीत घ्या. तोच सल्ला भार टाकणाऱ्या मशीनलाही तितकाच लागू पडतो, आणि तिकडे कुणाचं लक्ष जात नाही.

पोर्टांचा विषय निघालाच आहे तर त्यांची टंचाईही सांगून टाकतो. लिनक्स आपण होऊन ३२७६८ ते ६०९९९ एवढेच पोर्ट क्लायंटला देतं, म्हणजे २८,२३२. एका पत्त्यावरून एका सर्व्हर-पोर्टकडे याहून जास्त कनेक्शनं उघडत नाहीत, मग कोअर कितीही असोत. प्रत्येक रिक्वेस्टला नवं कनेक्शन उघडून आपणच ते बंद करत असू तर बंद झालेला पोर्ट ६० सेकंद अडकून पडतो, आणि एका पत्त्यामागे सेकंदाला सुमारे ४७० नव्या कनेक्शनांवर गाडी थांबते. त्याआधीही मोकळा पोर्ट शोधताना सगळे कोअर कर्नलच्या त्याच एका तक्त्यावर गर्दी करतात. प्रत्येक कोअरला स्वतःचा पत्ता दिला की दोन्ही दुखणी बरीच हलकी होतात.

वाटणी फक्त जागेची नसते, वेळेचीही असते. सेकंदाला ८०,००० रिक्वेस्ट आठ कोअरांत वाटल्या तर प्रत्येकाला १०,००० येतात, दर १०० मायक्रोसेकंदाला एक. आठही कोअर एकाच क्षणी सुरू झाले तर सर्व्हरला संथ धार लागत नाही. त्याला दर १०० मायक्रोसेकंदाला आठांचा तडाखा बसतो आणि मध्ये शांतता. सरासरी तीच, रांग मात्र भलतीच. ठोके एकमेकांपासून सरकवून हे टाळता येतं. त्याहून चांगलं म्हणजे प्रत्येक कोअरनं पॉयसाँ पद्धतीनं, यादृच्छिक अंतरानं रिक्वेस्ट सोडायच्या. स्वतंत्र पॉयसाँ प्रवाहांची बेरीज पुन्हा पॉयसाँच असते, त्यामुळे कोअर एक असो की चौसष्ट, सर्व्हरला दिसणारी गर्दी एकाच जातीची राहते. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत अर्लांग यांनी १९०९ मध्ये कॉलच्या गर्दीसाठी मांडलेलं गणित इथे जसंच्या तसं उपयोगी पडतं.

याहून घातक चूक अशी: क्लायंट उत्तर येईपर्यंत थांबतो आणि मगच पुढची रिक्वेस्ट पाठवतो. बांगा आणि ड्रुशेल यांनी १९९७ मध्येच दाखवलं होतं की अशा क्लायंटांनी सर्व्हरला त्याच्या क्षमतेपलीकडे रेटताच येत नाही. भार टाकणारा एखादा कोअर अडखळला की त्याच्यावरचे सगळे क्लायंट मुकाट्यानं हळू होतात. ज्या रिक्वेस्ट त्या वेळात जायला हव्या होत्या त्या जातच नाहीत, आणि न गेलेल्या रिक्वेस्टचा उशीर कुठेच नोंदला जात नाही. गिल तेने यांनी या दोषाला ‘कोऑर्डिनेटेड ओमिशन’ असं नाव दिलं आणि तो टाळण्यासाठी ‘डब्ल्यूआरके२’ लिहिलं. त्यात वेळ मोजली जाते ती रिक्वेस्ट ठरल्याप्रमाणे कधी निघायला हवी होती तिथपासून.

शेवटी हिशेब एकत्र करायचा. सात कोअर म्हणतात, नव्व्याण्णवावं शतमान २ मिलिसेकंद. आठवा म्हणतो २००. सरासरी पावणेसत्तावीस, आणि हा आकडा एकाही क्लायंटनं अनुभवलेला नाही. शतमानांची सरासरी काढायची नसते. प्रत्येक कोअरचा हिस्टोग्राम जपून ठेवायचा, टेस्ट संपल्यावर ते एकमेकांत मिळवायचे आणि मग शतमान काढायचं. आणि मिळवायचे ते टेस्ट संपल्यावरच. मोजणी चालू असताना आठ कोअरांचे आठ-आठ बाइटचे काउंटर शेजारी-शेजारी ठेवले तर ते बरोबर ६४ बाइटच्या एका कॅश-ओळीत बसतात. मग प्रत्येक कोअर स्वतःचाच काउंटर वाढवत असला तरी ती ओळ आठ जणांमध्ये ओढली जात राहते. कोडमध्ये सगळं वेगळं दिसतं, सिलिकॉनला मात्र ती एकच वस्तू असते.

दोन सॉकेटांच्या मशीनवर कार्ड कोणत्या सॉकेटला जोडलंय ते बघून त्याच बाजूचे कोअर घ्यावेत. त्याबद्दल आत सविस्तर आहे. ‘कोअर’ म्हणून जे मोजतो ते खरे कोअर आहेत का, हेही बघावं. क्लाउडवर व्हीसीपीयू बहुधा हायपरथ्रेड असतो, म्हणजे एका कोअरचा अर्धा वाटेकरी.

‘कोअर कशाला वाटत बसता, मशीनं वाढवा,’ असं म्हणणारे नेहमी भेटतात. कधी कधी ते बरोबरही असतात. जुलै २०१९ मध्ये विश्वचषकातला भारत–न्यूझीलंड उपांत्य सामना हॉटस्टारवर एकाच वेळी २ कोटी ५३ लाख लोक बघत होते. त्या तयारीसाठी त्यांच्या अभियंत्यांनी जे खोटे प्रेक्षक उभे केले होते, त्यांच्यामागे प्रत्येकी ३६ व्हीसीपीयूची तीन हजारांवर मशीनं होती, असं त्यांनी जाहीर भाषणात सांगितलं आहे. एवढ्या गर्दीला एक मशीन पुरणार नाही हे उघड आहे. पण मशीनमागे ३६ पैकी चारच व्हीसीपीयू राबत असतील तर मशीनं वाढवून तीच चूक तीन हजार वेळा विकत घेतल्यासारखं होतं. म्हणून आधी एक मशीन नीट वाटून बघावं, मग बिलाला हात घालावा.

या पुस्तकाच्या आवाक्याबाहेर राहिलेला एक भाग आहे, आणि तो दिवसेंदिवस मोठा होतोय. वर सांगितलेलं सगळं एका गृहीतावर उभं आहे: दोन पत्ते आणि दोन पोर्ट म्हणजे एक क्लायंट. २०२१ मध्ये आरएफसी ९००० म्हणून आलेल्या क्विक या प्रोटोकॉलनं ते मोडलं. तिथे कनेक्शनची ओळख पॅकेटातल्या एका क्रमांकानं होते. मोबाइल वायफायवरून ४जीवर गेला, पत्ता बदलला, पोर्ट बदलला, तरी कनेक्शन तेच राहतं. कार्डाचा हॅश मात्र बदलतो, आणि चालू कनेक्शनचं पुढचं पॅकेट भलत्याच कोअरच्या दारात जाऊन पडतं. सर्व्हर बनवणाऱ्यांनी यावर कर्नलमध्ये चालणाऱ्या ईबीपीएफ प्रोग्रॅमच्या मदतीनं, क्रमांकातच कोअरची खूण पेरून तोडगे काढले आहेत. क्लायंटची गर्दी उभी करणाऱ्यांना आता दोन्ही करावं लागेल: चालत्या टेस्टमध्ये हजारो क्लायंटांचे पत्ते मुद्दाम बदलायचे, आणि तरीही प्रत्येक क्लायंट आपापल्या कोअरवर टिकवायचा.